कोरा पापड

मी धूळ मोजते. पोटापाण्यासाठी, छंद म्हणून नव्हे. खालापूरच्या बाजूला एक खासगी प्रयोगशाळा आहे. तिथे गेली कित्येक वर्षं मी हवेतली धूळ कागदावर पकडते, तो कागद रसायनात भिजवते आणि त्यातून काय काय उतरतंय ते शोधते. दहिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये मला सगळे 'धूळवाल्या मॅडम' म्हणतात. जिन्यात कोणी झाडू मारायला लागलं की मला बघून थांबतं, जणू मी पावती फाडणार आहे. मीही कधी कधी गंभीर चेहरा करून दोन क्षण उभी राहते. तेवढाच माझा रुबाब.

मी जे शोधते ते डोळ्यांना दिसत नाही. लाकूड, डिझेल, टायर, प्लास्टिक, काहीही अर्धवट जळलं की त्या धुरात काही रसायनं तयार होतात. कार्बनच्या कड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, कुणाच्या तीन, कुणाच्या चार. त्यातली पाच कड्यांची एक आहे, बेंझो-ए-पायरीन. ही बया काजळीच्या कणावर स्वार होऊन फुप्फुसात उतरते आणि तिथल्या पेशींचं तंत्र बिघडवते. त्यातून कर्करोग होऊ शकतो. 'होऊ शकतो' हे दोन शब्द माझ्या नोकरीत फार जपून वापरावे लागतात. माझ्या आत्याला नेमका त्याच दोन शब्दांचा राग होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत तिचं गाव. तिच्या गच्चीवरून एका कंपनीची चिमणी समोर दिसते. आई नोकरी करायची, त्यामुळे शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी आत्याकडे काढल्या. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून माझे सगळे लाड आणि सगळे धपाटे तिच्याच हातचे. तिचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, पोस्टमन होते. सायकल जाईल तिथवर सायकलने आणि पुढे पायी, कोंडाण्याच्या डोंगरापर्यंत पत्रं पोचवायचे. दम म्हणून कधी लागला नाही त्यांना. निवृत्त झाले, चार-पाच वर्षं घरी बसले आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

मुंबईच्या डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत विचारलं होतं, बिडी ओढता का? नाही म्हटल्यावर, पूर्वी ओढत होता का? आत्या त्या खोलीतच उसळली होती. ज्या माणसाने सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्याला बिडी विचारतात म्हणजे काय. काका गेल्यावर तिने गच्चीत उभं राहून चिमणीकडे हात केला आणि मला सांगितलं, "ह्यानं नेला माझा माणूस. तुझं मशीन आण आन् लिवून दे."

मी म्हटलं, आत्या, असं एका माणसाचं लिहून देता येत नाही, होऊ शकतो एवढंच म्हणता येतं. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

त्यात तिला स्वतःला खोकला लागला होता. सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी. फोनवर बोलताना मध्येच थांबायची, फोन लांब धरायची आणि परत येऊन म्हणायची, बघ, सोडतोय मेला धूर. काका गेले ते गेले, पण हा खोकला मला ऐकवेना. खरं सांगायचं तर मलाही ती चिमणीच गुन्हेगार हवी होती. मशीन मिळवायचं ठरवलं.

प्रयोगशाळेत एक जुनं यंत्र दुरुस्त होऊन पडलं होतं. मी आमच्या साहेबांना म्हटलं, हे बाहेर पाठवण्याआधी महिना-दीड महिना उन्हापावसात चालवून बघायला हवं. हे अगदी खरं होतं. कुठे चालवायचं हे साहेबांनी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्याची मला सवय नाही. पुढच्या सोमवारी यंत्र टेंपोत घालून मी आत्याच्या दारात हजर.

गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं मोबाईलचा टॉवर आहे. कोणाला पंपाच्या घरघरीवरून पिठाची गिरणी वाटली आणि एक बाई डोक्यावर ज्वारी घेऊन खरोखर आल्या. शेजारच्या आजोबांनी मला सरळ विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, हवेचे नमुने घ्यायला आले आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की गावात नमुन्यांना काय तोटा नाय, आता अजून एक आली.

यंत्राचं काम साधं असतं. वरच्या तोंडातून हवा आत ओढली जाते, मोठी धूळ बाजूला पडते आणि बारीक धूळ एका पांढऱ्या गोल कागदावर बसते. कागद म्हणजे खरं तर काचेसारख्या तंतूंची पातळ चकती. हाताने धरायची नाही, चिमट्याने धरायची. चोवीस तासांनी ती काढायची, चांदीच्या कागदात गुंडाळायची, फ्रीजमध्ये ठेवायची आणि दुसरी बसवायची. मी आत्याला हे दाखवत होते तेव्हा तिने चकती निरखून पाहिली आणि म्हणाली, हा तर पापड. झालं. त्या दिवसापासून गावात त्या यंत्राचं नाव पापडाचं मशीन.

नाव चिकटायला आणखी एक कारण होतं. दिवस पापडांचे होते. आत्याच्या गच्चीवर एका बाजूला साड्यांवर तांदळाचे पापड वाळत आणि दुसऱ्या बाजूला माझा पापड धूळ खात. मला रोज तिथे जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिला चकत्या बदलायला शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत माणसं महिना महिना शिकूनही चकतीचा कडेचा तुकडा पाडतात. आत्याने पहिल्याच दिवशी ती अशी उचलली की मला माझ्या पदवीची लाज वाटली. आयुष्यभर निखाऱ्यावरचे पापड चिमट्याने उलटलेल्या बाईला त्यात अवघड काय असणार.

प्रत्येक फेरीत पाच चकत्या पाच दिवसांच्या आणि सहावी कोरी. ही सहावी यंत्रात घालायची नाही. ती इतरांसारखीच प्रयोगशाळेतून आणायची, गच्चीवर तिच्या डबीत बसवून ठेवायची आणि इतरांबरोबर परत न्यायची. आत्याला तिची दया यायची. ह्याला का नुसता बसवून ठेवलायस, असं तिने दोनदा विचारलं. मी समजावलं की हात, डबी, प्रवास यातून जी घाण लागते ती हा कोरा पापड सांगतो. तो स्वच्छ निघाला तरच बाकीच्या पाचांवर विश्वास ठेवायचा. तो मळका निघाला तर पाचही बाद.

"मंजी ह्यो घरातली घाण बघतो," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, अगदी तसंच. मनात म्हटलं, आमच्या साहेबांना हे समजवायला मला तीन मीटिंगा लागल्या होत्या.

पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. त्यात राब भाजायचे दिवस आले. शेताच्या कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, टहाळं रचून पेटवतात, पुढे पाऊस आला की त्याच जागी भाताची रोपं टाकतात. त्या दिवसांच्या चकत्या काळ्याकुट्ट यायच्या. मी वहीत त्या तारखांपुढे खूण करून ठेवली की हा राबाचा धूर, तो वेगळा धरायचा. आत्याने खूण पाहिली आणि तिचा अर्थ विचारला. अर्थ कळल्यावर म्हणाली की टाक की कंपनीच्या नावावर, धुराला काय कोणी ओळखतंय. मी तिला अर्धा तास ऐकवलं की शास्त्र म्हणजे काय, प्रामाणिकपणा म्हणजे काय. ती पापड लाटत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली की तू लहानपणी कैऱ्या चोरायचीस तेव्हा बरी व्हतीस.

तिसऱ्या फेरीची मी वाट बघत होते. राब संपले होते आणि वारा बरोबर चिमणीकडून गावाकडे येऊ लागला होता. याच पाच चकत्यांत काय ते सापडणार होतं. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि वळवाची सर कोसळली. मी प्रयोगशाळेत होते. धावत बाहेर येऊन आत्याला फोन लावला. तिकडे गच्चीवर पंप घरघरत होता, पावसाचा आवाज होता आणि ती साड्यांसकट पापड गोळा करत होती. मी ओरडून सांगितलं, यंत्र बंद कर, वरून झाकण घाल. आणि डबीतला तो पापड आहे ना, तो कोरा राहिला पाहिजे. कोरा! कळलं?

"कळलं गं. येवढी अक्कल हाय मला," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिला किती कळलं होतं ते मला आठ दिवसांनी कळलं.

आमच्याकडे चकत्यांवर नुसते आकडे लिहिलेले असतात. कुठली गच्चीवरची आणि कुठली कोरी हे त्या भिजवणाऱ्याला माहीत नसतं, म्हणजे कोणाला लाडावून वागवलं जात नाही. हे काम माझा एक सहकारी करतो. बारा महिने त्याचं नाक बंद असतं. त्याने चकत्या अर्ध्या कापल्या, अर्धा भाग जपून ठेवला, उरलेला रसायनात घालून हलवला, गाळला, आटवून थेंबभर केला आणि तपासणीच्या यंत्राला पाजला. जाता जाता मला म्हणाला की एका नंबरचा थेंब तर चांगलाच तपकिरी आलाय, तुमच्या आत्यांच्या चिमणीने कमाल केली. मी खूश झाले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पडद्यावर एकेका रसायनाचा एकेक शेंडा येतो, ठरलेल्या मिनिटाला. शेंडा जेवढा उंच तेवढं ते रसायन जास्त. कोऱ्या चकतीची रेषा सपाट यायची असते. मी आकडे जुळवले. तपकिरी थेंबाची चकती गच्चीवरची नव्हतीच. सगळ्यात उंच शेंडे कोऱ्या चकतीचे होते, आणि पाच कड्यांच्या त्या बयेचा तर पडद्याच्या वर गेला होता. ज्या पापडाने काही खाल्लं नव्हतं त्यानेच सगळ्यात जास्त खाल्लं होतं.

मी सगळ्यांना धारेवर धरलं. सहकाऱ्याने नंबर उलटे लिहिले असणार. नाही. काचेची भांडी नीट धुतली नसणार. मी स्वतः पुन्हा धुतली. रसायनच खराब असणार. नवीन बाटली फोडली. मग जपून ठेवलेला अर्धा भाग काढला आणि स्वतः भिजवला. तोच शेंडा, तेवढाच उंच. फक्त या वेळी नाक माझं होतं, आणि चांदीचा कागद उघडल्याबरोबर मला वास आला. लाकडाच्या धुराचा आणि सुकटीचा.

रविवारी सकाळी स्कूटीला किक मारून मी आत्याकडे पोचले. चहा नको, पाणी नको, आधी कोरा पापड कुठे ठेवला होतास ते सांग. तिला माझा आवेश बघून गंमत वाटली. तिने मला घरामागच्या पडवीत नेलं. घराला गॅस होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता, त्यावर भरतकामाचं झाकण. रोजचा स्वयंपाक पत्र्याच्या या पडवीत, चुलीवर. चुलीच्या वर हाताला येईल अशी एक फळी टांगलेली. फळीवर मिठाचा डबा, काड्यापेट्या, फडक्यात बांधलेलं दुधीचं बी, सुकटीची पिशवी आणि पावसातून वाचवलेले पापड.

"हितं ठेवला व्हता," तिने अभिमानाने सांगितलं. "डबीत पानी गेलं व्हतं. म्हटलं वारा लागू दे, म्हणून चांदीचा कागद बी सोडला. पाच दिस व्हता. ह्याच्यापरीस कोरडी जागा आख्ख्या गावात नाय."

"कोरडी?"

"तूच बोललीस ना, कोरडा ठेव."

"कोरा, आत्या. मी कोरा म्हटलं होतं."

"मग कोराच व्हता ना. मी काय त्येच्यावर लिवलं?"

मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. एका 'ड'ने माझी पाच दिवसांची मेहनत, वाऱ्याची दिशा, साहेबांना मारलेली थाप, सगळं चुलीत घातलं होतं. आत्याही हसायला लागली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला धरून वाकली. मी पाणी द्यायला उठले आणि वर पाहिलं.

पडवीच्या पत्र्याला काजळीचे जाड थर होते. काही ठिकाणी ते सुटून लोंबत होते. चुलीशेजारी सरपण म्हणून निळा रंग लावलेल्या फळ्यांची रास होती, कुठे कुठे तेलाचे डाग. कंपनीत येणाऱ्या खोक्यांच्या फळ्या, गेटाजवळ टाकून देतात, गावातले सगळे आणतात. चुलीच्या दुसऱ्या अंगाला भिंतीशी काकांचा पाट होता. रोज संध्याकाळी ते तिथे बसायचे. गुडघे शेकायचे, लसूण सोलून द्यायचे, दिवसभराच्या गोष्टी सांगायचे. माझं हसू तिथल्या तिथे आटलं.

तो कोरा पापड पाच दिवस त्या फळीवर होता. काका त्या फळीखाली कित्येक वर्षं होते.

आत्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नंतर सांगते. आणि चक्क पळून आले. 

पुढचा आठवडा मी गावच्या पंचायतीसाठी अहवाल लिहिण्यात काढला. त्यात एक ओळ पुरेशी होती: कोरा नमुना दूषित झाल्याने तिसरी फेरी बाद. नियमाला धरून. खोटं काहीच नाही. कोणी काही विचारलं नसतं. पहिल्या दोन फेऱ्यांतलं जे होतं ते पंचायतीला द्यायचं होतंच. चिमणीकडून वारा आला की शेंडे थोडे वाढत होते, हे खरं होतं, आणि त्याचा पाठपुरावा करायचाच होता. पण ते वाढणं त्या पडवीच्या पासंगालाही पुरत नव्हतं. आत्या रोज फोन करायची. कंपनीचं निघालं का? मी म्हणायचे, चाललंय. मग तिचा खोकला. फोन लांब धरल्याचा आवाज. परत येऊन, सोडतोय बघ मेला. तिला नाही सांगितलं तर ती रोज त्याच चुलीपुढे बसणार होती. आणि सांगितलं तर काय सांगितल्यासारखं होणार होतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी दोन ग्राफ छापून घेतले आणि गेले. एक गच्चीवरचा, एक कोऱ्या पापडाचा. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं की हा बाहेरचा, हा आतला. चुलीचा धूर. रंगाच्या आणि तेलाच्या फळ्यांनी तो आणखी वाईट होतो. तुझा खोकलाही त्यानेच असेल.

तिने बराच वेळ कागद पाहिले. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण उंच काय आणि बुटकं काय हे कोणालाही कळतं. मग तिची मान एकदम वर आली.

"त्या फळ्या कंपनीच्याच हायत ना? मंजी धूर कंपनीचाच."

मला इतकं हायसं वाटलं की मी परत हसले. आत्याने आयुष्यात कोणाला हार मानली नव्हती, माझ्या पाच कड्यांच्या बयेला ती कशाला मानेल. आणि त्यात थोडं तथ्यही होतं. मी म्हटलं, हो, फळ्यांचाही आहे. मला वाटलं सुटलो आपण. दोघींनी मिळून कंपनीला शिव्या घातल्या, मी चहा केला, गॅसवर. तिने अर्धा कप घेतला आणि बाजूला ठेवला.

"ते तितंच बसायचे," ती म्हणाली. "त्यांना ओसरी आवडायची. मीच आत बसवायची. भायर कंपनीचा धूर हाय, आत बसा, दार लावून घ्या, बोलायची."

मी घाईघाईने म्हटलं की आत्या, एका माणसाचं असं सांगता येत नाही, होऊ शकतो एवढंच म्हणता येतं. तेच दोन शब्द. या वेळी ती चिडली नाही. या वेळी तिला ते हवे होते, पण त्यांचा काही उपयोग होत नव्हता.

थोड्या वेळाने तिने तांदळाचं ताट परत पुढे ओढलं आणि मला एक अट घातली. आठ दिवस ती चूल पेटवणार नाही, सगळं गॅसवर करील. पत्रा झाडून, धुऊन घेईल. मी तसाच पापड त्याच फळीवर पाच दिवस ठेवायचा. धूर बाहेरचा असेल तर तो आत येणारच, मग पापड काळा व्हायलाच हवा, चूल असो नसो. तसं झालं तर मी कबूल करायचं की मशीन खोटं आहे. मी म्हटलं, कबूल. इतकी बिनचूक चाचणी आमच्या साहेबांनी आखली नसती. ती हे मला हरवण्यासाठी करत होती, हे कळत होतं. देवाशप्पथ, मलाही हरायचं होतं.

गॅसवरची भाकरी फुगत नाही, चव येत नाही, ही तक्रार मी आठ दिवस फोनवर ऐकली. ती शेजारणींना सांगत होती की भाचीने घरात कर्फ्यू लावलाय. शेजारच्या आजोबांनी निरोप पाठवला की कर्फ्यू कधी उठतोय, आत्याबाईंकडून येणाऱ्या कालवणाची चव गेली. पाच दिवसांनी मी चकती न्यायला गेले. तिने ती माझ्याआधीच चिमट्याने उचलून प्रकाशात धरली होती. पांढरी दिसत होती. ती म्हणाली की डोळ्यांना काय कळतंय, मशीनला विचार.

मशीनला विचारलं. शेंडे होते, पण गच्चीवर येतात तेवढेच. त्या उंच शेंड्याच्या जागी एक लहानसा उंचवटा. आणखी एक गोष्ट मी कागदावर लिहिली नव्हती, पण ग्राफ घेऊन गेले तेव्हा लक्षात आली. मी अर्धा तास बसले होते आणि आत्या एकदाही खोकली नव्हती.

मी आधीचा ग्राफ आणि हा ग्राफ शेजारी शेजारी ठेवले.  आत्याने एका कागदावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या.

"येवढंच करायचं व्हतं?" तिने विचारलं.

मला रडू आलं. मी म्हटलं, आत्या, तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होतं.

"मला नव्हतं ठावं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, एखादी गोष्ट नीट लावून बघावी तशी ती बोलत होती. "तुला व्हतं. तू तर हाच धंदा करतेस. तितंच बसून भाकरी खायचीस गं तू."

खायचे. नोकरी लागल्यावरही, महिन्यातून दोनदा तरी, काकांच्या शेजारी, तव्यावरून थेट ताटात. डोळे चुरचुरले की काका मला त्यांच्या बाजूला सरकवून घ्यायचे आणि धुराकडे स्वतः बसायचे.